अम् दसूकींनी बुजवलेली चार भोकं

अम् दसूकींनी गावाची टाकी बुडवली, असं आमच्या कफ्र-दबूसमध्ये अजून म्हणतात. अरे बाबांनो, बुडवली नाही, तरंगवली! शिव्या तरी नीट द्या माणसाला. पण गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. चहाच्या दुकानात हा विषय निघाला की मी ग्लास खाली ठेवतो आणि उठून जातो. गावात मी यावर कधी बोललेलो नाही, बोलणारही नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून सांगतो.

अम् म्हणजे काका. अख्खं गाव त्यांना अम् म्हणायचं आणि मीही म्हणायचो, कारण ते माझे सासरे. बाहेरगावचे लोक मात्र 'उस्ता दसूकी कुठं राहतात' म्हणून विचारत यायचे. हातात कसब असेल त्यालाच आमच्याकडं उस्ता म्हणतात, आणि त्यांचं कसब एकच होतं: पाणी बंद करणं. नील नदीचा जो फाटा रशीद शहराकडं जातो, त्याच्या काठावर आमचं गाव इतकं खोलगट आहे की दोन हात खणलं की पाणी. घराची फरशी फोडून पाणी वर येतं, भिंती कमरेपर्यंत ओल्या राहतात, गव्हाची पोती विटांवर ठेवावी लागतात. तरुणपणी अम् इस्कंदरियाच्या बंदरात गोदामांची तळघरं बुजवायच्या कामावर होते. तिथून जे शिकून आले, ते आमच्या तीन तालुक्यांत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

चुना, विटांच्या भुकटीची सुरखी, थोडं सिमेंट, अळशीचं तेल, तागाचा बोळा आणि तुतीच्या लाकडाची पाचर, एवढ्यावर सगळं काम. "पाण्याशी भांडायचं नसतं," ते म्हणायचे. "त्याला आधी वाट द्यायची, मग ती वाट थोडी थोडी अरुंद करत आणायची. शेवटी ते स्वतःच कंटाळतं." काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी कुणी न बोलावता परत जायचे, चपला काढून तळघरात अनवाणी उभे राहायचे. एकदा दमनहूरच्या एका व्यापाऱ्यानं त्यांची तोंडभरून स्तुती केली. अम् म्हणाले, "थांबा, त्या कोपऱ्यात पाय गार लागला." आणि सगळा कोपरा फोडून पुन्हा केला. व्यापारी ओरडत राहिला की अहो कोरडं आहे, कोरडं आहे! ऐकतील तर शपथ. 'गळतंय' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही, हा एवढाच काय तो त्यांचा दोष.

आणि एक दुःख होतं. त्यांची बायको यकृताच्या दुखण्यानं गेली. आमच्या गावात माणसं यकृतानंच जातात. संडासाचे खड्डे आणि हातपंप एकाच ओल्या जमिनीत, मग दुसरं काय होणार? "साऱ्या गावाच्या फरश्या मी कोरड्या केल्या," ते म्हणायचे, "आणि घरच्या पंपात काय येतंय ते मला बुजवता आलं नाही." म्हणून गावाला सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र मिळणार असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. बदरियाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते म्हणाले होते, "तुझ्या पोटातलं लेकरू चांगलं पाणी पिईल."

आता जमिनीची गोष्ट. आमच्याकडं पद्धत अशी की केंद्र बांधायचं सरकारनं, पण जागा द्यायची गावानं. चांगली काळी जमीन कोण देतो? गावाच्या समितीचे प्रमुख हाजी झिनाती घरोघर फिरले. सगळे म्हणाले, हो, केंद्र पाहिजेच, पण माझ्या शेतात नको. शेवटी गावानं दिली ती मळई. नदीनं गाळ टाकून केलेली, कुणाचीच नसलेली, शरद ऋतूत वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं की गुडघाभर बुडणारी. फुकटची जमीन ती, फुकटच पडली.

मी ठेकेदाराकडं ओव्हरसिअर होतो. आमचे मुख्य इंजिनिअर लबीबसाहेब, राजधानी काहिराचे, तोंडानं तिखट पण कामाला पक्के. मातीची परीक्षा झाली तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. पंधरा मीटर नुसता लोण्यासारखा चिखल. पंपघराखाली खांब ठोकले, त्यातला एक तर हातोड्याच्या दोन ठोक्यांत आपोआप खाली गेला, मजूर हसायला लागले. मोठी गोल टाकी मात्र खडीच्या जाड थरावर बसवली. हाजी झिनाती विचारायला आले, "साहेब, ही टाकी या चिखलात बुडणार तर नाही?"

"हाजी, बुडण्याची चिंता सोडा. ही तरंगेल याची मला भीती आहे."

"सिमेंटची टाकी तरंगेल?" हाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. "साहेबांना ऊन लागलं रे, लिंबूपाणी आणा!"

पण साहेबांचं खरं होतं. भरलेली टाकी जड असते, जागेवर बसते. रिकामी टाकी ओल्या जमिनीत म्हणजे पाण्यावरची परात. खालचं पाणी चढलं की ते तिला उचलतं. म्हणून बांधकाम चालू असताना चारी बाजूंनी पंप लावून आम्ही जमिनीतलं पाणी सतत उपसत होतो. आणि टाकीच्या तळात चार भोकं मुद्दाम ठेवली होती, टोपणं लावून. पंप बंद करायची वेळ आली की टोपणं काढायची. मग खालचं पाणी टाकीत शिरतं, आत-बाहेर सारखं होतं आणि टाकी उचलत नाही. पुढं टाकी भरली की भोकं कायमची बंद. इतकं सोपं. पोराला सांगितलं तरी कळेल.

केंद्रावर राखणदार गावानं द्यायचा होता, आणि गावानं अम् दसूकींना दिलं. पाठ गेली होती, तळघरात उतरणं जमत नव्हतं, पण माणूस इमानी. दिवसातून तीन वेळा टाकीभोवती फिरायचे, शिडी लावून आत उतरायचे, तळ झाडायचे. पाठ दुखते म्हणून तळघरं सोडली आणि टाकीत उतरायला मात्र पाठ दुखत नाही, म्हणून बदरिया त्यांना चिडवायची.

मोठी ईद आली. पाच दिवस काम बंद. पंपांचं डिझेल कशाला जाळायचं म्हणून पंप बंद करायचे ठरले. साहेबांनी स्वतः उभं राहून टोपणं काढून घेतली आणि मला म्हणाले, "हिल्मी, राखणदाराला नीट समजावून सांग. आत पाणी येईल, येऊ दे म्हणावं. डायरीत लिही आणि मग जा." मी डायरीत लिहिलं: राखणदारास सूचना दिली. खाली सही केली. मग सांगायला गेलो, तर अम् असरचा, म्हणजे तिसऱ्या प्रहरचा, नमाज पढत होते. बाहेर माझी मायक्रोबस भोंगा वाजवत होती. आईकडं दसूकला पोचायचं होतं, बदरिया आठवडाभर आधीच बाळाला घेऊन तिकडं गेली होती. मी दोन मिनिटं उभा राहिलो. खरंच दोन मिनिटं. मग म्हटलं, फोन करू. आणि गेलो. दुपारी त्यांच्याशी बोललो होतो ते एवढंच, "अम्, सहाव्या दिवशी तपासणीला काहिराहून मोठी मंडळी येतायत. टाकी आरशासारखी ठेवा."

फोन केला नाही. विसरलो. ईदचा मटण-भाताचा फत्ता खाल्ला, झोपलो, विसरलो. याला दुसरं कारण नाही, आणि मी शोधतही नाही.

दुसऱ्या दिवशी गावकरी नवे कपडे घालून मळईवर फिरायला आले. ईदला आमचे लोक नदीकाठीच जातात. नवी टाकी बघायला सगळे कठड्याशी जमले, आणि आत बघतात तो तळातून चार ठिकाणी पाणी वर येतंय. मग काय विचारता! ठेकेदारानं फसवलं, सिमेंट खाल्लं, वाळू भरली. हाजी झिनाती कपाळावर हात मारून म्हणाले, "मोठे लोक बघतील आणि ताब्यात घेणार नाहीत. झालं, गेलं केंद्र!" आणि कुणीतरी, कोण ते आता कुणीच कबूल करत नाही, वरून ओरडलं, "काय हो उस्ता, जगाची तळघरं बुजवता आणि तुमच्या नाकाखाली सरकारची टाकी गळते?"

मजूर सुट्टीच्या घाईत टोपणं लावायची विसरले, असं अम् दसूकींना वाटलं. त्यांनी अंगातला ईदचा लांब झगा, गलाबिया, काढला, घडी करून कठड्यावर ठेवला. घरून चुना, सुरखी, ताग मागवला. पाच तास ते त्या पाण्यात गुडघ्यांवर होते. लोक वरून बघत होते, चहा खाली सोडत होते, शाबासकी देत होते. चारही भोकं बंद झाली. तळ पुसून कोरडा केला. मग ते अनवाणी उभे राहिले, डोळे मिटून. वर टाळ्या वाजल्या. ते वर आल्यावर हाजींनी त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं म्हणे. मला हे सगळं नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं. मळई बुडाली, पाणी केंद्राच्या बांधाला लागलं. सगळं गाव बांधावर धावलं, वाळूची पोती टाकली, अम् तर तापलेल्या अंगानं उभे होते. बांध टिकला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सगळ्यांचं लक्ष बांधावर, आणि पाणी बांधाखालून, चिखलातून, खडीतून टाकीच्या पोटाखाली जमत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी टाकीची पूर्वेची कड दीड हात वर आली होती. नळ मुळातून उपटले गेले होते, भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग, टाकीवर आडवा टाकलेला लोखंडी पूल दुमडलेला. आणि आत तळ कोरडा ठणठणीत. पुढं नदी उतरली, टाकी खाली बसली, पण तिरकी, आणि खाली चिखल शिरलेला. तिरक्या कडेची टाकी कुणाच्या कामाची? सगळं पाणी एकाच बाजूनं सांडणार. ती फोडूनच टाकावी लागणार होती.

करायला गेलो काय आणि वरती झाले पाय. पण गाव खचलं नव्हतं. हाजी झिनाती हुशार माणूस. त्यांनी करारनामा वाचून घेतला. राखणदाराला सूचना न देता ठेकेदारानं पंप बंद केले असतील, तर चूक ठेकेदाराची, टाकी त्यानं स्वखर्चानं पुन्हा बांधायची. सूचना देऊनही गावाच्या माणसानं भोकं बुजवली असतील, तर नुकसान गावाचं, आणि बाहेरच्या देशाकडून आलेला पैसा दुसऱ्या गावाला जाणार. सगळं एका प्रश्नावर आलं. हाजींनी अम्‌ना समोर बसवलं.

"दसूकी, तुला कुणी काही सांगितलं होतं?"

"नाही."

"मग फक्त तेवढंच बोल. खरं बोलायचंय, खोटं नाही. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" अम् म्हणाले. तापानं आणि अपमानानं ते अर्धे झाले होते, पण मान ताठ होती.

इकडं लबीबसाहेबांनी मला बाजूला घेतलं. डायरी उघडून माझी सही दाखवली. "हिल्मी, तू सांगितलंस की नाही, मला विचारायचं नाही. सही तुझी आहे. सांगितलं नसशील तर खोटी नोंद केलीस, आणि कंपनी तुझ्यावर फौजदारी करेल. तुरुंग आहे त्यात. घरी जाऊन विचार कर."

विचार कसला! रात्र संपेपर्यंत बाळ रडत होतं, आणि बदरिया म्हणत होती, "बाबांना कुणी सांगितलं नाही हे किती बरं झालं. नाहीतर त्यांना जीवच द्यावा लागला असता." तिला वाटत होतं सांगायचं काम साहेबांचं होतं. मी बाळाला तिच्या हातून घेतलं आणि फिरवत राहिलो.

चौकशीला जिल्ह्याहून इब्तिहाल नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. आधी त्या टाकीत उतरल्या. छोट्या हातोडीनं बुजवलेल्या चारही भोकांवर ठोकून पाहिलं, नखानं खरवडलं. वर येऊन हात झटकत म्हणाल्या, "कुणी केलंय हे?"

"मी, बाई," अम् म्हणाले.

"हात चांगला आहे तुमचा. वाईट असता तर टाकी आज जागेवर असती."

बाई निर्दय नव्हत्या, खरं तेच बोलल्या. पण तेव्हा अम् दसूकींचा चेहरा मी पाहिला, आणि तो मला पाहवला नाही.

पंपघराच्या ओसरीवर टेबल टाकलं होतं. गाव उन्हात उभं. बाईंनी विचारलं, "उस्ता, ही भोकं कशासाठी होती हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

ते तोंड उघडणार तोच लबीबसाहेब म्हणाले, "आमच्या हिल्मीनं सांगितलं होतं. ही सही."

बाई माझ्याकडं वळल्या. "सांगितलं होतंस?"

"हो," मी म्हणालो.

"काय सांगितलंस?"

"आत पाणी येईल, येऊ द्या. भोकं बंद करू नका, नाहीतर टाकी तरंगेल." किती नीट शब्द आले हो तोंडातून. ज्या दिवशी यायला हवे होते त्या दिवशी एक आला नाही.

गाव खवळलं. "खोटारडा! सासऱ्याच्या ताटात जेवतो आणि..." हाजी झिनाती टेबलावर हात आपटून ओरडले, "दसूकी, सांग यांना! बोल!"

अम्‌नी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग बाईंकडं वळून म्हणाले, "सांगितलं होतं. ईदच्या गडबडीत माझ्या डोक्यातून गेलं."

हाजी खाली बसले, तिथंच मातीत. बाईंनी दोनदा विचारलं, "उस्ता, विचार करून बोला." ते दोन्ही वेळा तेच बोलले. त्यांना लिहिता येत नव्हतं, अंगठा दिला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते वजू करत होते, नमाजाआधी हातपाय धूत होते. मी पायांशी बसलो, म्हटलं, "अम्, मारा मला."

"पाठ दुखते, मारत कुठं बसू," ते म्हणाले. पाय पुसून झाल्यावर म्हणाले, "पोर चाळीस दिवसांची आहे. तू आत गेलास तर दोघींना कोण बघणार? मी आज आहे, उद्या नाही." मग पाय पुसलेलं फडकं पिळत, "मी आजवर खोटं बोललो नव्हतो, हिल्मी. इतकं अवघड असतं ते मला माहीत नव्हतं." आणि मग मला बजावून सांगितलं, "बदरियाला कळू द्यायचं नाही. बाप विसरभोळा निघाला तर बाई रडते आणि गप्प होते. नवरा असा निघाला तर तिनं कुठं जायचं?" मी शब्द दिला.

केंद्राचा पैसा दुसऱ्या गावाला गेला. आमचे खड्डे तसेच, पंप तसेच. ठेकेदारानं मला बढती दिली, आणि ती मी घेतली. अम् दसूकींना मात्र गावानं पुरतं टाकलं. सलामाला उत्तर मिळेना. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं, मध्ये फट ठेवायची नसते. त्यांच्या दोन्ही बाजूंना फट राहायला लागली. इमामांनी दोन-तीनदा रांग जुळवायला सांगितलं, लोक सरकले नाहीत. मग ते अगदी मागं, दाराजवळ एकटे उभे राहू लागले. बायका बदरियाला तोंडावर म्हणायच्या, "तुझ्या बापाच्या कृपेनं आमची पोरं घाण पितायत." ती घरी येऊन रडायची. एकदा माझ्यादेखत ती त्यांना म्हणाली, "बाबा, एवढी साधी गोष्ट! भोकं बंद करू नका म्हणून माझ्या नवऱ्यानं तुम्हाला सांगितलं होतं. एवढंही लक्षात राहिलं नाही?"

"नाही राहिलं, पोरी," ते म्हणाले.

त्यानंतर ती त्यांच्याकडं जाईनाशी झाली. दोन ईदा गेली नाही. मी जायचो, भाजी-भाकरी ठेवायचो. ते बाळाबद्दल विचारायचे आणि मी सांगायचो. तिसऱ्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्यानं गेले. जनाज्याला खांदा द्यायला गावातून कुणी आलं नाही, दमनहूरचा तो व्यापारी तेवढा दोन माणसं घेऊन आला होता.

चाळिसाव्या दिवशी कुराणपठण झालं, लोक नव्हतेच, लवकर आटोपलं. बदरिया भांडी आवरत होती. पाठमोरीच म्हणाली, "हिल्मी, एक विचारू? तू त्यांना सांगितलंस तेव्हा ते कसे होते? बरं नव्हतं का त्यांना? दमले होते का? काहीतरी असेल ना रे. माझा बाप असा विसरणारा नव्हता."

तेव्हा मला सांगता आलं असतं. ते गेले होते, त्यांना दिलेला शब्द मातीत गेला होता. मी तोंड उघडलंही.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे त्यांची काही चूकच नव्हती," ती म्हणाली, "आणि मी त्यांना किती बोलले." मी तिला पाणी आणून दिलं.